कोल्हापूरचे महापौरपद

कोल्हापूर महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभागृहाचे अध्यक्षपद आणि शहराच्या प्रथम नागरिकाचा मान. १५ डिसेंबर १९७२ रोजी कोल्हापूर नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले, तेव्हा हे पद कायद्याने अस्तित्वात आले; मात्र आरंभीची काही वर्षे कारभार प्रशासकांकडे राहिल्याने महापौरांच्या खुर्चीवर प्रत्यक्ष कोणी बसायला १९७८ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक उजाडावी लागली. पद मानाचे आहे, अधिकाराचे नव्हे, आणि कोल्हापुरातील त्याचा इतिहास समजून घ्यायचा तर हाच फरक ध्यानात ठेवावा लागतो.

‘महापौर’ हा शब्द वि. दा. सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत घडविलेल्या शब्दांपैकी एक आहे. ‘पौर’ म्हणजे पुरात राहणारा, नगरवासी. त्या नगरवासीयांमध्ये जो थोर तो महापौर. म्हणजे शब्दातच नागरिकत्वाचा मोठेपणा आहे, सत्तेचा उल्लेख नाही. इंग्रजी ‘मेयर’ शब्द मराठीतून जवळजवळ पुसला गेला, तो या नेमकेपणामुळेच.

महानगरपालिकेची पूर्वज संस्था, म्हणजे कोल्हापूर नगरपालिका, १२ ऑक्टोबर १८५४ रोजी स्थापन झाली. त्याआधी दहा वर्षांपूर्वी, १८४४ मध्ये, संस्थानात गडकऱ्यांचा उठाव होऊन गेला होता आणि त्यानंतर संस्थानच्या कारभारावर इंग्रजांची पकड घट्ट झाली होती. अशा काळात जन्मलेल्या नगरपालिकेकडून लोकांच्या प्रतिनिधित्वाची फारशी अपेक्षा करता येत नव्हती. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) शहराचे रूप पालटले. १९१२ चे खासबाग कुस्ती मैदान आणि १९१५ चे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, या त्या काळच्या वास्तू पुढे पालिकेच्या मालकीच्या झाल्या. शहरातील कुस्तीच्या आणि नाटकाच्या कार्यक्रमांचे यजमानपद महापौरांकडे येते, त्याचे मूळ संस्थानाच्या या वारशात आहे.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर पालिकेचा कारभार राज्याच्या कायद्यांनुसार चालू लागला आणि शहराचे पहिले मानाचे लोकनियुक्त पद नगराध्यक्षाचे राहिले. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात नगराध्यक्षाला सभेचे अध्यक्षस्थान तर आहेच, शिवाय आर्थिक आणि प्रशासकीय कारभारावर देखरेख ठेवण्याचे कामही आहे. महानगरपालिकांना लागू असलेला कायदा वेगळा आहे. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ (आताचे नाव महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम) कार्यकारी अधिकार राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे सोपवतो. त्यामुळे १९७२ मध्ये शहराचा दर्जा वाढला, पण शहराच्या प्रथम नागरिकाचे अधिकार कमी झाले. बढतीबरोबर पगार कमी व्हावा तसा हा प्रकार होता. हद्दीचेही तसेच झाले. आजूबाजूचे एकही गाव न घेता नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि सुमारे ६६.८२ चौरस किलोमीटरची जुनी हद्द पुढे अनेक दशके तशीच राहिली. २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, पण ‘हद्दवाढ’ हा विषय प्रत्येक महापौराच्या पहिल्या भाषणात येतच राहिला.

कायद्याप्रमाणे महापौरांची निवड नगरसेवक आपल्यातूनच करतात. मुदत अडीच वर्षांची असते आणि पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव असेल हे राज्याच्या नगरविकास विभागाने काढलेल्या सोडतीने ठरते. निवडीच्या विशेष सभेला बाहेरचा पीठासीन अधिकारी असतो. कोल्हापुरात बहुधा जिल्हाधिकारी ती सभा चालवतात आणि मतदान हात वर करून होते. निवडून आल्यावर महापौर महासभेचे अध्यक्षस्थान स्वीकारतात, कामकाज चालवतात आणि मते समसमान झाल्यास निर्णायक मत देतात. खर्चाच्या मंजुरीच्या चाव्या मात्र सोळा सदस्यांच्या स्थायी समितीकडे असतात. त्यामुळे पालिकेच्या राजकारणात मुरलेले लोक ‘मान महापौरांना, काम स्थायीला’ असा हिशेब मांडतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई आणि नागपूर येथे महापौरांना कार्यकारी अधिकार देणारी महापौर परिषदेची पद्धत अल्पकाळ वापरून पाहिली गेली. कोल्हापूरपर्यंत ती आली नाही.

अधिकार नसलेल्या पदासाठी इतकी चुरस का, हा प्रश्न बाहेरच्याला पडतो. कोल्हापूरकराला तो पडत नाही, कारण या शहरात मान ही स्वतंत्र कमाई आहे. मानाचा गणपती, मानाची पालखी, तालमीचा मान, पेठेचा मान ही भाषा इथे रोजची आहे. महापौरपदही त्याच भाषेत बोलले गेले आणि मान जसा मानकऱ्यांत फिरवून द्यायचा असतो तसे ते फिरवले गेले. कायद्यातली अडीच वर्षे कागदावर राहिली. आघाडीच्या नेत्यांनी एकाच मुदतीचे एक वर्ष, सहा महिने, कधी त्याहूनही लहान तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याला एक दावेदार ठरवला. ठरलेला दिवस आला की नेत्यांकडून निरोप जातो, महासभेत राजीनामा मांडला जातो, पुणे विभागीय आयुक्त कार्यालयाकडून पुढच्या निवडीची तारीख येते आणि नव्या नावासाठी पुन्हा बैठका सुरू होतात. राजीनामा वेळेवर न देणारे महापौर हा तर कोल्हापुरातील वृत्तपत्रांचा वर्षानुवर्षे पुरलेला विषय आहे. हे सगळे जमवून आणणाऱ्या मोजक्या नगरसेवकांना शहरात ‘कारभारी’ म्हणतात. महापौर बदलतात, कारभारी सहसा बदलत नाहीत.

या पद्धतीला पोषक ठरले ते आघाड्यांचे राजकारण. कोल्हापूर पालिकेत दीर्घकाळ पक्षांच्या चिन्हांपेक्षा स्थानिक आघाड्यांना महत्त्व होते. महादेवराव महाडिक यांच्या नेतृत्वाखालील ताराराणी आघाडी हे त्याचे ठळक उदाहरण. आघाडी बांधून ठेवायला तत्त्व कमी आणि पदे जास्त लागतात, आणि वाटायला महापौरपदाइतके शोभिवंत पद दुसरे नव्हते. पुढे पक्षांच्या चिन्हांवर लढती होऊ लागल्या, तरी वाटणीची सवय टिकली. निवडीआधी नगरसेवकांना ‘सहलीवर’ नेणे आणि निवडीच्या सकाळी बसमधून थेट सभागृहात उतरवणे हा तिचाच भाग.

या वाटणीचा कळस २०१५ ते २०२० या मुदतीत दिसला. ८१ सदस्यांच्या या सभागृहात कायद्याच्या हिशेबाने दोन महापौर व्हायला हवे होते, झाले आठ. आठही महिला होत्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये अश्विनी रामाणे यांच्यापासून सुरू झालेली ही मालिका २०२० मध्ये निलोफर आजरेकर यांच्यापाशी थांबली. सरासरी काढली तर प्रत्येकीच्या वाट्याला साडेसात महिने येतात. एवढ्या काळात कार्यालयातल्या भिंतीवरची नामफलकाची ओळ वाळते न वाळते तोच पुढची ओळ रंगवावी लागते. या प्रकाराची थट्टा पुष्कळ झाली. तरीही एक बाजू नोंदवायला हवी : साध्या घरांतल्या, वेगवेगळ्या जातिधर्मांतल्या स्त्रियांची नावे त्या फलकावर आली, ती अडीच वर्षांची मुदत काटेकोर पाळली असती तर इतक्या संख्येने आली नसती. हे वाटणीचे समर्थन ठरत नाही, पण तिचे फलित म्हणून नाकारताही येत नाही.

निवडीचा दिवस पाहण्यासारखा असतो. भाऊसिंगजी रस्त्यावरील मुख्य इमारतीसमोर सकाळपासून हलगी कडाडत असते. निकाल आधीच ठरलेला असला तरी घोषणा होईपर्यंत गुलालाची पोती सोडायची नाहीत, एवढा संकेत पाळला जातो. मग चौक लाल होतो आणि नव्या महापौरांची मिरवणूक आधी अंबाबाईच्या दर्शनाला, नंतर आपल्या पेठेत जाते. दुसऱ्या दिवशी इमारतीच्या पायऱ्या धुण्याचे काम पालिकेच्याच कर्मचाऱ्यांना असते.

समारंभांमध्ये महापौरांचे स्थान इतर शहरांहून वेगळे आहे, कारण कोल्हापुरात छत्रपतींची गादी आजही लोकांच्या मनात आहे. दसरा चौकातील सीमोल्लंघनात शमीपूजनाचा मान छत्रपती घराण्याचा असतो आणि प्रथम नागरिक तिथे निमंत्रितांत बसतात. याउलट अनंत चतुर्दशीला पालिका पूर्णपणे यजमान असते. तुकाराम माळी तालीम मंडळाच्या मानाच्या गणपतीची पालखी निघते, तेव्हा इतर मान्यवरांबरोबर महापौर पूजा करतात. पुढे पापाची तिकटी येथे पालिकेच्या मंडपातून प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षाला पान, सुपारी आणि श्रीफळ दिले जाते. पहाट होईपर्यंत नारळांचा ढीग उतरत जातो. फुटबॉलवेड्या शहरात ‘महापौर चषक’ स्पर्धाही शाहू स्टेडियमवर भरली आहे, आणि ज्यांना विद्यमान महापौरांचे नाव सांगता येत नाही त्यांना त्या चषकाच्या सामन्यांचे निकाल तोंडपाठ असतात.

नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली. आधी कोविड, मग आरक्षण आणि प्रभागरचनेवरील न्यायालयीन वाद यांत निवडणूक अडकली आणि पाच वर्षांहून अधिक काळ शहराला महापौर नव्हता. जुलै २०२१ चा पंचगंगेचा महापूर, ६ मे २०२२ रोजी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त शंभर सेकंद स्तब्ध उभे राहिलेले शहर आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेली आग, या तिन्ही प्रसंगी पालिकेच्या वतीने उभे राहिले ते प्रशासक. कामे थांबली नाहीत, कारण ती करण्याचा अधिकार आधीही आयुक्तांकडेच होता. अडले ते एवढेच की गल्लीतल्या पाण्याची तक्रार घेऊन थेट दालनात शिरावे आणि हक्काने भांडावे, असे दार उरले नाही. १५ जानेवारी २०२६ रोजी वीस प्रभागांतील ८१ जागांसाठी मतदान झाले आणि महापौरपदावर पुन्हा लोकप्रतिनिधी बसण्याची वाट मोकळी झाली.