सव्हाना घोरपडीचा पिंजरा

सव्हाना घोरपड मूळची आफ्रिकेतली. घाना, टोगो, बेनिन इथून तिची पिल्लं अमेरिका-युरोपात जातात आणि पेट म्हणून स्वस्तात विकली जातात. पिल्लू वीतभर म्हणून लोक छोटी काचेची टाकी घेतात, पण ती वाढून तीन-साडेतीन फुटांची होते, त्यामुळे 8 फूट लांब, 4 रुंद, 4 उंच हा पिंजरा अनुभवी पाळणारे किमान मानतात. (आपल्याकडची घोरपड पाळायचा विचारही नको, 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती अनुसूची 1 मध्ये आहे, सरळ गुन्हा.)

बल्ब लावून गरम तर कोणीही करेल, खरी मेख ओलीत आहे. वर जाळी असलेल्या टाकीत गरम हवा वरून निघून जाते, आत सगळं कोरडं ठाक, आणि जनावर पाणी पीत असूनही हळूहळू सुकत जातं, शेवटी किडन्या जातात. म्हणून प्लायवूडचा बंद खोका करतात, आतून वॉटरप्रूफ कोटिंग, हवेपुरती थोडी भोकं. तळाला निदान दोन फूट रेतीमिश्रित ओलसर माती, मुठीत दाबली की ढेकूळ टिकायला हवं नाहीतर बीळ ढासळतं.

ऊन खायच्या जागेचा पृष्ठभाग 55 ते 65 अंश सेल्सिअस लागतो. आकडा ऐकून दचकायला होतं, पण ती तिथे थोडाच वेळ बसते, अंग तापलं की उठून गार बाजूला जाते, तिथे 25-28 पुरे. एकच मोठ्या वॅटचा बल्ब मात्र लावू नये, पाठीचा एक ठिपका भाजतो, बाकी अंग गारच, मग ती ऊब घेत तिथेच बसून राहते आणि जखम वाढते. कमी वॅटचे दोन-तीन हॅलोजन फ्लड (उजेड रुंद पसरवणारे बल्ब) एका ओळीत लावा, म्हणजे मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत ऊन पडतं. तापमान मोजायला इन्फ्रारेड गनच (लांबून रोखून पृष्ठभागाचं तापमान दाखवणारं यंत्र) घ्या, भिंतीला चिकटवायचा काटेवाला थर्मामीटर निव्वळ शोभेचा. विजेवर तापणारे हीट रॉक तर विसराच, पोट भाजतं.

रात्री लाइट बंद, खोली फारच गार असेल तर थर्मोस्टॅटवर सिरॅमिक हीटर. बल्बला जाळी हवीच, घोरपड वर चढते. ओल आणि वीज एकत्र असल्याने आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) टाळू नये, आणि सरकत्या काचेला कुलूप लावा, नखं घालून ती काच आरामात सरकवते.