दुहाती फ्लाय कास्टिंग : हातांचे तंत्र

लांब काठी दोन्ही हातांनी धरून, जड लाइनच्या (दोरीच्या) जोरावर बिनवजनी नकली माशी दूरवर टाकण्याची गळाच्या मासेमारीतील पद्धत. नेहमीच्या गरीत शिसे किंवा आमिष पुढे जाते आणि दोरी त्यामागे ओढली जाते. फ्लायमध्ये हे उलटे असते. पिसे आणि धागा गुंडाळून केलेल्या माशीला वजन असे नसतेच, म्हणून लाइनच जड ठेवतात आणि ती माशीला सोबत घेऊन जाते. एकहाती काठी साधारण ९ फुटांची असते, दुहाती १२ ते १५ फुटांची. मुंबईत ही काठी क्वचितच दिसते. जे हौशी ती बाळगतात त्यांचा बहुतेक वेळ मासे धरण्यापेक्षा हात बसवण्यात जातो.

पद्धत रुजली ती १९व्या शतकात स्कॉटलंडच्या स्पे नदीवर. काठाला दरड आणि झाडी, लाइन पाठीमागे भिरकवायला जागा नाही. मग लाइनचे टोक बाजूच्या पाण्यावर टेकवायचे, उरलेल्या लाइनचा पाठीमागे इंग्रजी ‘डी’सारखा फुगा करायचा आणि तोच पुढे मारायचा. टेकलेल्या भागाला अँकर म्हणतात, आणि तो खरोखर नांगराचेच काम करतो. तो सुटला तर लाइन चाबकासारखी कडाडते; फार रुतला तर पुढचा सगळा जोर ती पाण्यातून उपटण्यातच खर्ची पडतो. पुढे स्वीडनमध्ये आखूड हेडची (हेड म्हणजे लाइनचा पुढचा जड भाग) ‘अंडरहँड’ शैली आली, आणि २०व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील स्कॅजिट नदीवर त्याहून आखूड व जड हेड वापरात आले. ५०० ग्रेनचे हेड म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. एवढ्या वजनासाठी दंड फुगवायची गरज नाही, हे पहिल्या दिवशी कुणालाच पटत नाही.

सगळी मेख खालच्या हातात आहे. वरचा हात ही टेकण, खालचा हात जोर देणारा. १३ फुटी काठीवर दोन हातांत दीड फूट अंतर असेल, तर टेकणीपलीकडे शेंड्यापर्यंत साडेअकरा फूट उरतात. म्हणजे वरचा हात जागच्या जागी राहिला आणि खालचा एक इंच हलला, तर काठीचे वाकणे सोडून दिल्यास शेंडा साडेसात इंचांहून जास्त हलतो. तेच काम वरच्या हाताने ढकलून करायला गेले की टेकणच सरकते. शेंडा सरळ रेषेत न जाता कमानीत खाली येतो, लाइनचा वेटोळा रुंद होतो आणि सगळे गुंडाळे १० पावलांवर पचकन पडते.

मुंबईकराला ही खोड मैदानातूनच लागलेली असते. शिवाजी पार्कच्या नेटमध्ये बॅट धरायला शिकलेल्या उजव्या पोराला सांगितलेले असते की वरचा हात पुढारी, खालचा सैल सोड, सरळ बॅटने खेळ. काठी हातात आली की हाच धडा उलटा करावा लागतो. शिवाय इथे उजव्याचा वरचा हात उजवा असतो, बॅटवर तो डावा असतो. त्यामुळे सवयीने चालणारा, ताकदीचा हात नेमका टेकणीवर जाऊन बसतो आणि टेकण असून ढकलू लागतो. हातांच्या चुका सुधारायच्या म्हणजे मुख्यतः या उजव्या हाताला गप्प बसवायचे.

त्यासाठी सर्वात सोपा उपाय : वरच्या हाताची मूठ सोडून काठी फक्त अंगठा आणि पहिल्या बोटात तोलायची. ढकलायचे म्हटले तरी जमत नाही. खालच्या हाताला पोटाकडे ओढावेच लागते. दुसरा उपाय घडी केलेला रुमाल. तो उजव्या काखेत धरून कास्ट मारायचा. रुमाल पडला की समजावे कोपर अंगापासून सुटले. मागे फुगा भरताना खालचा हात छातीपासून फार दूर किंवा वर जाऊ द्यायचा नाही, गेला तर शेंडा पाठीमागे खाली झुकतो आणि फुग्याची पिशवी होते. पुढच्या फटक्यात वेग हळूहळू वाढवून शेवटी दोन्ही हात एकदम थांबवायचे. मूठ आवळायची ती त्याच क्षणी, आधी नाही. जोर कमरेतून यायला हवा. खाडीत पाग (फेकायचे जाळे) टाकणारा कोळी पाहावा : त्याचे अंग आधी वळते, हात फक्त सोडायचे काम करतात.

सरावाची जागा हा मुंबईत वेगळाच प्रश्न. अँकरला पाणी लागते, पण पवई तलावात मगरी असल्याने स्कॉटलंडसारखे मांडीभर पाण्यात उभे राहणे बाद. मरीन ड्राइव्हवर पाठीमागे फिरणाऱ्यांची गर्दी, पुढे काँक्रीटचे निसरडे टेट्रापॉड. मैदानावर सराव करायचा तर टोकाच्या धाग्याला लहान लहान गाठी मारतात. त्या गवतात अडकून पाण्यासारखी धर देतात. माशीच्या जागी लोकरीचा झुपका, गळ अजिबात नाही.

समुद्रावर लाटा अँकर टिकू देत नाहीत, म्हणून तिथे लाइन सरळ डोक्यावरून मागे-पुढे मारतात. हात मात्र तेच. वारा कोणत्या खांद्यावर येतो हे आधी पाहायचे, कारण तो लाइन अंगावर आणतो आणि गळ कानात रुततो. वरळी किंवा वांद्र्याच्या पश्चिमेकडे तोंड केलेल्या काठावर पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा डावीकडून येतो. तेव्हा उजवा हात वर, उजव्या खांद्यावरून फेक, हे चालते. थंडी-उन्हाळ्यात दुपारी वारा वायव्येचा होतो, म्हणजे उजवीकडून. मग एकतर डावा हात वर घ्यायचा, किंवा हात न बदलता काठी डाव्या खांद्यावरून चालवायची. दुसरी वाट सोपी वाटते, पण तीत उजवा हात छातीवर आडवा येतो आणि पुन्हा ढकलू लागतो. म्हणून डावा हात वर घेऊन फेकणे सुरुवातीपासूनच शिकावे. तिथे एक गंमत होते : जोराचा उजवा हात आता खाली आलेला असतो, ओढण्याचे काम त्याला आपसूक जमते, आणि आठवडाभर उजव्या बाजूने अडखळलेल्या माणसाची डावी फेक पहिल्याच दुपारी जास्त सरळ जाते.