चालत्या यंत्रात नवा प्रोसेसर : जोडल्यापासून कामाला लागेपर्यंत

गेल्या महिन्यात माझ्या एका सहकाऱ्याने लिनक्सवर चालणाऱ्या एका व्हर्च्युअल मशीनचे (म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकाचे) प्रोसेसर दोनाचे सहा केले. मशीन बंद केलेले नव्हते. बाहेरच्या नियंत्रण-पडद्यावर सहाची नोंद दिसू लागली, पण मशीनमध्ये शिरून प्रोसेसर मोजणारी ‘एनप्रॉक’ ही आज्ञा दिली की उत्तर 2 असेच येत होते. ‘एकदा रीस्टार्ट करून टाका’ हा सल्ला लगेच मिळाला. रीस्टार्टने पुष्कळदा काम होते हे खरे आहे. परंतु कारण न पाहता तो करणे म्हणजे आजारावर अंगारा लावण्यासारखे आहे. गुण आला तरी दुखणे काय होते ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंगाराच शोधावा लागतो.

यजमान संगणकाच्या, म्हणजे ज्याच्या आत व्हर्च्युअल मशीन चालते त्या खऱ्या संगणकाच्या, दृष्टीने असा प्रोसेसर निर्माण करणे अगदी सोपे आहे. केव्हीएम या लिनक्समधल्या आभासीकरणाच्या पद्धतीत आभासी प्रोसेसर म्हणजे यजमानावर स्वतंत्रपणे चालणारा कामाचा एक धागा, म्हणजे थ्रेड, आणि नवा थ्रेड क्षणार्धात तयार होतो. खरे काम असते ते आतल्या, म्हणजे पाहुण्या मशीनच्या कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य भागाचे). प्रत्येक प्रोसेसरची खाजगी माहिती ठेवण्यासाठी कर्नल स्मृतीत वेगळी जागा राखतो आणि ही राखण मशीन सुरू होतानाच होते. त्यामुळे कमाल किती प्रोसेसर येऊ शकतात हे आधीच सांगून ठेवावे लागते. दोन प्रोसेसर व कमाल आठ असे सांगून मशीन सुरू केले, तर कर्नलच्या पहिल्या काही संदेशांतच आठांना मुभा असून त्यांतले सहा नंतर जोडता येतील अशी नोंद सापडते. नववा मात्र चालू मशीनला जोडता येत नाही.

प्रोसेसर जोडला की हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारे यजमानावरचे सॉफ्टवेअर) पाहुण्याला एक इंटरप्ट, म्हणजे हातातले काम थांबवून लक्ष वेधणारा इशारा, पाठवतो. त्यावर कर्नल एसीपीआय तक्त्यांतला (यंत्रातल्या हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या प्रमाणित तक्त्यांतला) छोटा प्रोग्रॅम चालवून कोणत्या जागी काय आले ते पाहतो आणि नव्या प्रोसेसरची ‘हजर’ अशी नोंद करतो. हजर असणे आणि कामावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक प्रोसेसरच्या नावे ‘ऑनलाइन’ नावाची एक फाइल दिसते. नव्याच्या फाइलमध्ये 0 असतो, आणि कोणीतरी तेथे 1 लिहीपर्यंत तो नुसता बसून राहतो. काही लिनक्स वितरणांत हा 1 लिहिणारा युडेव्ह-नियम (नवे उपकरण आले की आपोआप काय करायचे ते सांगणारा नियम) आधीच बसवलेला असतो, काहींत नसतो. माझ्या सहकाऱ्याच्या मशीनवर तो नव्हता.

तो 1 लिहिल्यावर जे घडते ते मला या सगळ्या विषयात सर्वांत सुंदर वाटते. एक्स86 या इंटेलच्या रचनेवर आधारलेल्या घराण्यातला नवा प्रोसेसर जागा होतो तो 64 बिटांचा नव्हे, तर 16 बिटांचा, 1978 सालच्या 8086 या प्रोसेसरच्या वळणाचा. त्याला उठवणारा जुना प्रोसेसर कोठून सुरुवात करायची ते केवळ 8 बिटांच्या एका आकड्याने सांगतो. हा आकडा 4 किलोबाइटच्या पानाचा क्रमांक असतो. अशी पाने 256 च असल्यामुळे सुरुवातीचा कोड स्मृतीच्या पहिल्या 1 मेगाबाइटमध्येच असावा लागतो. तेथून काही मोजक्या आज्ञांत तो प्रोसेसर 32 बिटांच्या अवस्थेत येतो, मग 64 बिटांच्या, आणि मगच कर्नलशी बोलू लागतो.

पुढचा प्रवास पायऱ्यांचा आहे. 2016 साली लिनक्सच्या 4.6 आवृत्तीपासून कर्नलचे एक विकासक थॉमस ग्लाइक्सनर यांनी जुनी सूचना-साखळी (प्रोसेसर आल्या-गेल्याची वर्दी कर्नलच्या भागांना एकामागून एक देण्याची पद्धत) काढून तिच्या जागी क्रमवार पायऱ्यांची यंत्रणा आणली. तीत शंभराहून अधिक पायऱ्यांना जागा आहे, मात्र प्रत्येक मशीनवर सगळ्या वापरात नसतात. पहिल्या टप्प्यातली तयारी जुना प्रोसेसर करतो : नव्यासाठी रिकाम्या वेळी चालायचा थ्रेड, टायमर, कामांच्या रांगा. दुसरा टप्पा नवा प्रोसेसर इंटरप्ट बंद ठेवून स्वतः चढतो, आणि तेथे अपयशाला वावच ठेवलेला नाही. तिसऱ्या टप्प्यात त्याचा स्वतःचा खास थ्रेड उरलेल्या पायऱ्या चढतो आणि अगदी शेवटी शेड्यूलर (प्रोसेसरांना कामे वाटून देणारा कर्नलचा भाग) त्याच्याकडे सामान्य कामे सोपवू लागतो. तयारीच्या एखाद्या पायरीवर स्मृती अपुरी पडली, तर आधीच्या पायऱ्या नेमक्या उलट क्रमाने उतरल्या जातात. जुन्या पद्धतीत चढण्या-उतरण्याचा असा मेळ नव्हता, आणि अर्धवट चढलेला प्रोसेसर मागे घेताना त्यातूनच किचकट दोष निर्माण होत.

यातच घड्याळाचा प्रश्न येतो. प्रत्येक प्रोसेसरला चक्रे मोजणारा स्वतःचा गणक असतो. जेथे त्याच्या विश्वासार्हतेची हमी नसते तेथे कर्नल जुन्या व नव्या प्रोसेसरला आळीपाळीने गणक वाचायला लावतो, आणि नंतर वाचलेला आकडा आधीच्यापेक्षा लहान निघतो का ते पाहतो. निघाला तर काळ मागे गेल्यासारखे होते, म्हणून कर्नल वेळ मोजण्यासाठी त्या गणकावर विसंबणे सोडून देतो.

‘एका क्लिकमध्ये क्षमता चौपट’ ही जाहिरातींतली भाषा मला खटकते, कारण प्रोसेसर वाढले म्हणून वेग तितकाच वाढत नाही. समजा, एखाद्या कामाचा 20 टक्के भाग एकामागून एकच करता येतो. संगणक-रचनाकार जीन ॲमडाल यांनी 1967 साली मांडलेल्या नियमानुसार एका प्रोसेसरवर 100 सेकंद घेणारे हे काम दोनांवर 60 आणि आठांवर 30 सेकंद घेईल. प्रोसेसर चौपट, वेग दुप्पट. शिवाय यजमानाकडे प्रत्यक्ष गाभेच (खऱ्या प्रोसेसरचे कोअर) अपुरे असतील, तर आभासी प्रोसेसर एकमेकांची वाट पाहण्यातच वेळ घालवतात.

सहकाऱ्याच्या मशीनवर आम्ही चार फाइलींत चार वेळा 1 लिहिला. ‘एनप्रॉक’ने लगेच 6 सांगितले, तरीही वेबसाइटचा वेग तसाच राहिला. तेथला वेब सर्व्हर सुरू होतानाच प्रोसेसर मोजून तितक्याच कामगार-प्रक्रिया (आलेल्या मागण्या हाताळणाऱ्या प्रक्रिया) उभ्या करत होता, आणि त्याने मोजले तेव्हा प्रोसेसर दोनच होते. अखेर रीस्टार्ट करावा लागला, पण तो फक्त त्या एका सेवेचा. त्याच मशीनवरचा डेटाबेस त्या वेळीही अखंड चालू होता.