ऑनलाइन पदवी: नुसतं ‘यूजीसी मान्य’ वाचून फी भरू नका

विद्यापीठ खरं असतं, लेक्चरं होतात, परीक्षाही होते, आणि तरी पदवी पुढे पडताळणीत अडकते. कारण प्रवेश घेताना तपासलेलं असतं ते फक्त विद्यापीठाचं नाव. ऑनलाइन शिकवायची परवानगी विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. कोणता अभ्यासक्रम, कोणत्या पद्धतीने (ऑनलाइन की दूरस्थ) आणि कोणत्या सत्रापासून, हे ठरवून मिळते. एखाद्या विद्यापीठाचं ऑनलाइन बीकॉम परवानगीच्या यादीत असेल आणि एमबीए नसेल, असं होऊ शकतं. नॅक, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था, तिची ‘ए प्लस’ श्रेणी असली तरी अभ्यासक्रम यादीत आहे का, हे पाहावंच लागतं.

म्हणून पहिलं काम: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या पोर्टलवर जा. तुम्ही ज्या सत्रात प्रवेश घेणार, त्याच सत्राची यादी उघडा. वर्षातून दोन सत्रं असतात, जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारी. गेल्या वर्षीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरत असते, ती धरू नका. यादीत अभ्यासक्रमाचं नाव जाहिरातीतल्या नावाशी ताडून पाहा आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

काही विषय तर या पद्धतीने शिकताच येत नाहीत. इंजिनिअरिंगची पदवी, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, पीएचडी: यातलं काही कुणी ‘ऑनलाइन’ विकत असेल तर फोन ठेवा. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, आहार व पोषण यांचे नवे प्रवेशही बंद झाले. ऑनलाइन सायकॉलॉजीच्या चौकशा मात्र अजून चालूच आहेत.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडतात ते. २०२४ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून डीईबी आयडीशिवाय, म्हणजे विद्यार्थ्याच्या डीईबी ओळख क्रमांकाशिवाय, प्रवेश होत नाही. परदेशी विद्यार्थ्यांना त्यातून सूट आहे. हा आयडी डीईबी पोर्टलवर विद्यार्थ्याने स्वतः काढायचा. त्यासाठी लागतो १२ अंकी एबीसी आयडी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे तुमच्या शैक्षणिक क्रेडिट्सच्या खात्याचा क्रमांक), तो डिजिलॉकरमधून मिळतो, आणि डिजिलॉकरला लागतो आधारशी जोडलेला चालू मोबाइल नंबर. जुनं सिम कधीच बंद झालेलं असतं आणि ओटीपी तिकडेच जात राहतो. हे फॉर्म भरायला बसल्यावर नाही, महिनाभर आधी बघा.

दुसरी अडचण नावाची. बारावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, ही लग्न झालेल्या मुलींची नेहमीची रड. कुणाचं मार्कशीटवर आडनाव आधी, तर आधारवर वडिलांचं नावच गायब. कागदोपत्री नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली प्रसिद्धी जोडावी लागते, आणि राजपत्र काही दोन दिवसांत हातात पडत नाही. घाईघाईने आधारवरचं नाव बदलून टाकू नका. नावदुरुस्तीला आयुष्यात साधारणपणे दोनच संधी असतात, आणि बँक, पॅन सगळं पुन्हा जुळवत बसावं लागतं.

बाकी कागद नेहमीचे: दहावी-बारावी आणि असल्यास पदवीची गुणपत्रकं, फोटो, ओळखपत्र. विद्यापीठ बदलत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट, ते जुन्या विद्यापीठाकडून वेळेत मागवा.

‘आजच सीट ब्लॉक करा’ ही मुदत समोरच्या काउन्सेलरची असते. प्रवेशाची शेवटची तारीख यूजीसी जाहीर करते आणि पुष्कळदा वाढवतेही. विद्यापीठाची तारीख त्याआधीची असू शकते, तर ती विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वाचा. उलट, मुदत टळल्यावरही ‘आपण ॲडजस्ट करू’ म्हणणारा तुमचं वर्ष बुडवेल.

पैसे विद्यापीठाच्याच खात्यात जायला हवेत आणि पावतीही विद्यापीठाचीच हवी. फ्रँचायझी देऊन प्रवेश आणि शिकवणं चालवायला नियमांनी बंदी आहे, त्यामुळे ‘आमच्या सेंटरची फी वेगळी’ हे वाक्य ऐकलं की थांबा. ‘सोपा ईएमआय’ बरेचदा तुमच्या नावावरचं कर्ज असतं. प्रवेश रद्द केला म्हणून ते आपोआप रद्द होत नाही आणि हप्ते थकले की सिबिल स्कोअर बिघडतो. सही करण्याआधी कर्ज देणारी कंपनी कोणती, ते करारात वाचा.

आणि ‘डिग्रीवर ऑनलाइन असं लिहून येत नाही, रेग्युलरच दिसते’ असं कुणी सांगितलं तर? २०२० च्या नियमांनुसार पदवीवर शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची तारीख, पूर्ण झाल्याची तारीख आणि परीक्षा केंद्राचा पत्ता लिहिणं बंधनकारक आहे. लपवायची गरजही नाही, कारण मान्य ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. मागच्या तारखेची पदवी देतो म्हणणाऱ्याला प्रवेशाच्या तारखेच्या रकान्यात काय लिहिणार, एवढं विचारून बघा.