गरम हवेनं ॲव्हरेज वाढतं का? (पेट्रोल-डिझेल गाडीवाल्या ग्राहकांसाठी)

ऊन तापलं की नागपुरात आमच्या गॅरेजवर हा प्रश्न ठरलेला: "भाऊ, इंजिनात गरम हवा गेली की ॲव्हरेज वाढतं म्हणे. हवा आत घेणारा पाइप गरम इंजिनाकडे वळवून द्या ना!" काही जण तर न विचारता घरीच उद्योग करून येतात.

गोष्ट अगदीच खोटी नाही. हवा तापली की विरळ होते. २५ अंशांची हवा ६० अंशांवर गेली, तर तेवढ्याच जागेत जवळपास दहा टक्के कमी मावते. मग तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जास्त उघडावा लागतो आणि अर्ध्या बंद थ्रॉटलमधून हवा ओढण्यात वाया जाणारी शक्ती थोडी वाचते. पण हा फायदा पेट्रोल गाडीला, हळूहळू एकसारखी चालवताना, आणि तोही किरकोळ. हवा फार गरम दिसली की नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) होऊ नये म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, मग वाचलेलं तिथेच जातं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, आणखी किती तापवणार? टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या) गाडीत तर हवा थंड करायलाच कंपनीनं इंटरकूलर बसवलाय, आणि आजच्या डिझेल गाड्या बहुतेक टर्बोच, म्हणून डिझेलवाल्यांनी या भानगडीत पडूच नये.

आमचा खरा वेळ खातो तो सेन्सर. काही जण हवेच्या तापमानाच्या सेन्सरचा प्लग काढतात किंवा खोटं तापमान दाखवायला त्यात रेझिस्टर खोचतात. बऱ्याच गाड्यांत तोच सेन्सर हवेचा दाबही मोजतो, म्हणजे प्लग निघाला की दोन्ही आकडे गेले. चेक इंजिन लाइट लागते, गाडी आमच्याकडे येते आणि "काही केलं नाही" असं सांगितलं जातं. भर उन्हात स्कॅनरवर आत येणारी हवा उणे ४० अंश दिसते, कोड पी०११३, म्हणजे सेन्सरची जोडणी तुटल्याची खूण. तरीही कुणी हात लावलाय हे माहीत नसलं, तर वायरिंग मुळापासून तपासावं लागतं. स्कॅनिंगचे पैसे का, असं विचारतात. ते या वेळेचे. आल्या आल्या खरं सांगितलंत, तर अर्धं काम तिथेच संपतं.

पाइप आम्ही वळवून देत नाही, कितीही आग्रह केला तरी. ॲव्हरेज खरंच पडलं असेल, तर टायरची हवा, ब्रेक चिकटतात का आणि स्पार्क प्लग आधी बघतो. उन्हाळ्याआधीच्या सर्व्हिसिंगमध्ये हे सगळं येतंच, हवेच्या फिल्टरच्या डब्याच्या क्लिपांसकट. घरी काढलेला पाइप, क्लॅम्प काही असेल, तर टाकू नका, सोबत आणा.