मंचमालकाचे नियंत्रण व भागीदारांची मुभा

मंचमालकाचे नियंत्रण व भागीदारांची मुभा : डिजिटल मंच चालवणारी कंपनी आणि त्या मंचावर माल विकणारे, ॲप बनवणारे किंवा सेवा देणारे भागीदार यांच्यात निर्णयाचे अधिकार कसे वाटले जातात, याचा व्यवस्थापनशास्त्रातील विचार.

बेळगावकरांना हे मार्केट यार्डावरून चटकन उमगेल. गेट, काटा, अडत यार्डाच्या नियमाने; बटाटा कधी काढायचा आणि कधी आणायचा, हे शेतकऱ्याच्या हाती. फरक इतकाच, की यार्डाचा नियम बदलायचा तर आधी कुजबुज होते, मग परिपत्रक निघते. ॲपचा नियम रात्रीत बदलतो आणि सकाळी ‘मान्य आहे’वर बोट ठेवल्याशिवाय दुकान उघडत नाही.

मोकळीक फार झाली तरी बिघडते. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला; कोणीही खेळ काढून विकत असल्याने रद्दड खेळांचा पूर आला, हे त्याचे एक मोठे कारण. १९८५ मध्ये तिथे उतरलेल्या निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या खेळयंत्रात कुलूपवजा चिप बसवली आणि परवानाधारकांना वर्षाला पाचच खेळ काढू दिले. ॲपलचे ॲप स्टोअर (२००८) याच वळणाचे : आधी तपासणी, मग विक्री, आणि विक्रीत सुरुवातीला ३० टक्के वाटा. गुगलचा अँड्रॉइड मात्र दिसायला मोकळा, फोन कंपन्यांना फुकट मिळणारा. तरीही फोन बनवणाऱ्यांवर गुगलची ॲप आधीच बसवून देण्यासारख्या अटी होत्या, आणि त्यासाठी भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. फुकट दिले म्हणजे मोकळे सोडले असे नव्हे.

खरी ओढाताण बारीक गोष्टींत असते. बेळगावच्या शहापुरातला एखादा मिठाईवाला जेवण पोचवणाऱ्या ॲपवर कुंदा ठेवतो. भाव त्याचा, अर्ध्या किलोचा डबा त्याचा, दिवाळीत गर्दी झाली की ऑर्डर बंद करण्याची मुभाही त्याची. यादीत तो वर दिसेल की तळाशी, हे ॲप ठरवते. गिऱ्हाइकाचा नंबरही बहुधा ॲपकडेच राहतो. दुकानात आलेले गिऱ्हाईक तोंडावर सांगते, ‘कालचा कुंदा जरा सैल होता की हो,’ आणि तो दुसऱ्या दिवशी दूध जास्त आटवतो. ॲपवर त्याला दिसतात दोन तारे. कमिशनवर वाद जास्त होतात, पण धंद्याचे मोठे नुकसान या तुटलेल्या बोलण्यात आहे.

घरपोच सेवेतील कामगारांची मुभा याहून तोकडी. कर्नाटकाच्या २०२५ च्या गिग कामगार (मंचावरून सुटी कामे घेणारे) कायद्याने यात हात घातला : कामगाराला काढायचे तर सामान्यतः लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना हवी, शिवाय त्याच्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्के इतके कल्याण शुल्क मंचाने भरायचे. बेळगाव, खानापूर, निपाणीत काम करणाऱ्यांना हा कायदा लागू आहे. निपाणीहून महामार्गाने थोडे पुढे, महाराष्ट्रातल्या कागलला, तो नाही.