प्लास्टर तेच, पद्धत वेगळी: जन्मजात वाकड्या पावलांच्या उपचारांची पार्श्वभूमी

परळला किंवा हाजीअलीला मुलांच्या हाडांच्या ओपीडीबाहेर सकाळी तासभर बसलं, की एक वाक्य हमखास कानावर पडतं. जन्मतः पाऊल आत वळलेल्या तान्ह्या बाळाला घेऊन आलेल्या आईसोबत सासू असते. ती सांगते, ‘‘आमच्या पुतण्यालापण प्लास्टर केलं होतं. वर्षभर खेपा घातल्या. शेवटी ऑपरेशनच करावं लागलं.’’ आजी खोटं बोलत नसते. तिने पाहिलेलं प्लास्टर वेगळं होतं.

पाऊल हाताने वळवून पट्ट्यांनी बांधायचं, हे प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथांतही आहे. १८३० च्या दशकात जर्मनीत कातडीला बारीक छेद देऊन टाचेची शीर, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारा दोर, सोडवली जाऊ लागली. १८५० च्या दशकात प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्या आल्या. म्हणजे आज लागतं ते जवळजवळ सगळं साहित्य तेव्हाच हाताशी होतं. कळत नव्हतं ते एवढंच, की दाब नेमका कुठे द्यायचा.

आजीच्या आठवणीतलं प्लास्टर १९३० च्या दशकात अमेरिकेत रुजलेल्या पद्धतीचं. त्याआधी मुलांची पावलं भूल देऊन जोर लावून सरळ केली जात. त्या मानाने ही पद्धत नक्कीच मायेची होती. पण तिच्यात डॉक्टर पावलाच्या बाहेरच्या कडेला, मधोमध आपल्या हाताचा अंगठा टेकवून पुढचं पाऊल बाहेर वळवत. त्या दाबाने टाचेचं हाड जागच्या जागी अडकायचं. चवडा सरळ दिसू लागायचा आणि टाच आतच वळलेली राहायची. प्लास्टरं दीड-दोन वर्षं चालायची, आईवडील थकायचे, आणि पुष्कळदा गाडी ऑपरेशनवर यायची. १९७१ मध्ये सगळे आखडलेले बंध एकाच वेळी मोकळे करण्याची मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली आणि पुढची दोन-अडीच दशकं आपल्याकडेही तीच शिकवली गेली. पाऊल दिसायला सरळ व्हायचं. पण आतल्या व्रणांमुळे ते ताठर होत जायचं, आणि ऐन कामाधंद्याच्या वयात दुखायला लागायचं.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की दुसरा रस्ता तेव्हाही उपलब्ध होता. अमेरिकेतल्या आयोवात इग्नासिओ पॉन्सेटी या मूळच्या स्पॅनिश डॉक्टरांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस अंगठा तिथून उचलून घोट्याच्या पुढे, टॅलस नावाच्या हाडाच्या डोक्यावर ठेवला. टॅलस स्थिर धरला, की बाकीचं पाऊल त्याच्याभोवती फिरतं आणि टाचही आपोआप वळते. पहिल्या प्लास्टरात पायाच्या अंगठ्याकडची बाजू वर उचलतात. पाऊल आधीपेक्षाही वाकडं दिसतं आणि आईवडील धास्तावतात. पण तीच पायरी चुकली तर पुढचं सगळं चुकतं. दर आठवड्याला नवं प्लास्टर, तेही मांडीपर्यंत, साधारण पाच-सहा. मग बहुतेक बाळांची टाचेची शीर बारीक छेदातून सोडवतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. यालाही ‘ऑपरेशन’च म्हटलं जातं, आणि आजीचा जीव पुन्हा खालीवर होतो.

या पद्धतीचा निबंध १९६३ मध्ये छापून आला. पुढची तीस वर्षं तिच्याकडे जवळजवळ कुणी वळून पाहिलं नाही. १९९५ मध्ये तिशी ओलांडलेल्या जुन्या रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली: ७८ टक्क्यांची पावलं चांगल्या किंवा उत्तम स्थितीत, तर जन्मतः निर्दोष पाय असलेल्यांत हाच आकडा ८५. त्यानंतर इंटरनेटवर एकमेकांना गाठणाऱ्या आईवडिलांनीच पॉन्सेटी पद्धत जगभर नेली. मधल्या काळात चिरल्या गेलेल्या पावलांचा हिशोब कोण देणार?

मुंबईत ती रुजली २००० नंतर. इथे आणखी एक अडचण होती. हाजीअलीचा परिसर पिढ्यान् पिढ्या पोलिओच्या मुलांमुळे ओळखीचा, त्यामुळे वाकडा पाय दिसला की लोक पोलिओच समजत. नाहीतर ‘गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही’ म्हणून सुनेला बोल लावत. २०११ नंतर देशात नैसर्गिक (वाइल्ड) विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही. २०१३ मध्ये केंद्राच्या बालआरोग्य तपासणीत वाकड्या पावलांचं व्यंग आलं, आणि आडगावांतली बाळंही लवकर दाखवली जाऊ लागली.

आता चर्चा व्हायला हवी ती प्लास्टर निघाल्यानंतरची. दोन बूट, मध्ये आडवी पट्टी. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत फक्त झोपेत. पाऊल पुन्हा वळतं त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे हे बूट सुटणं. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं झोपतात, पट्टी बापाच्या बरगडीत बसते, बाळ रडतं, भिंतीपलीकडचे शेजारी ठोकतात. मग एका रात्री कुणीतरी म्हणतं, ‘‘आजच्या दिवस काढ गं, पाय सरळच तर आहे.’’ एक आई मला तिचा उपाय दाखवत होती. नवऱ्याच्या जुन्या बनियनची घडी तिने पट्टीभोवती गुंडाळून दोऱ्याने शिवून टाकली होती, आणि बुटांच्या पट्ट्यांवर पेनाने खुणा केल्या होत्या. रात्री दिवे गेले तरी कितव्या भोकात घालायचं ते बोटाला कळावं म्हणून त्या खुणांवर तिने सुईने टाकेही घातले होते.